पातळ पात्याचा पटर

विटीला दांडूची कड लागली, की हात कसा झिणझिणतो! गोल्फमध्ये चेंडू भोकात ढकलायच्या काठीला पटर म्हणतात. त्यातला पातळ पात्याचा पटर असाच. चेंडू नेमक्या जागी लागला, तर हाताला जाणवतही नाही. जरा बाजूला लागला, की पाते वळते, चेंडू अलीकडेच थांबतो आणि चूक थेट बोटांना कळते. म्हणून कुणाला तो नकोसा, कुणाला जिवापाड प्रिय.

अमेरिकेच्या बेन क्रेनशॉने १९८४ साली असल्याच पटरने मास्टर्स स्पर्धा जिंकली. पण १९८७ च्या रायडर चषकात रागाच्या भरात त्याने पटर मोडला. नियमाप्रमाणे दुसरा घेता येईना! मग उरलेला डाव लोखंडी काठ्यांनी चेंडू ढकलत खेळला, आणि अगदी शेवटच्या भोकावर हरला. १९९५ साली मास्टर्स पुन्हा जिंकली, तीही पात्याच्याच पटरने.