शतावरीचा डबा आणि बाळंतिणीचे दूध

बाळाला दूध पुरत नाही अशी शंका आली, की घरात शतावरी कल्पाचा डबा येतो. शतावरीच्या मुळ्यांचा काढा साखरेत आटवून केलेला हा कल्प बाळंतिणीला दुधातून देतात. भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथानेही शतावरीला स्तन्य वाढवणारी म्हटले आहे. ही परंपरा मोलाची आहे, पण आपण तिच्यातला फक्त डबा उचलला आणि बाकीचे सोडून दिले, असे माझे मत आहे. जुन्या घरांत शतावरी एकटी नसे. सव्वा महिन्याची विश्रांती, अळीव आणि डिंकाचे लाडू, अंगाला तेल, बाळाला सांभाळणारे चार हात हे सगळे तिच्यासोबत असे. म्हणून दूध वाढल्याचे श्रेय एकट्या मुळीला देता येत नाही.

‘पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हाच पुरावा’, असे कोणी म्हणेल. अनुभवाने दिशा मिळते. खात्री करायला तुलना लागते. 1996 मध्ये दूध कमी असलेल्या 64 मातांवर झालेल्या चाचणीत शतावरीच्या औषधाचा फरक दिसला नाही. 2011 च्या 60 मातांवरील चाचणीत मात्र मुळीच्या चूर्णाने प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीचे संप्रेरक वाढलेले आढळले. दोन्ही चाचण्या लहान आहेत. त्यांच्या आधारे शतावरी निरुपयोगी म्हणणे जितके घाईचे, तितकेच ती हमखास उपाय म्हणणेही. शरीराचा नियम मात्र पक्का आहे: बाळ जितक्या वेळा नीट चोखेल आणि स्तन जितके रिकामे होतील, तितके दूध बनते. डब्याच्या भरवशावर पाजणे कमी झाले, तर दूधही कमी होईल.

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ हा दुसरा आक्षेप. कल्पात साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्या बाईने तो विचारून घ्यावा. स्तनाच्या संप्रेरकाधारित कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरी घेऊच नये. बाळाचे वजन वाढत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर कल्पाचा गुण येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शतावरी द्यायची असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने जरूर द्या, पण तिच्याबरोबर बाळंतिणीला झोप, पोटभर जेवण आणि कामातून सुटकाही द्या.