नीती शिकवता येते काय?

मुलांना नीती शिकवावी याविषयी श्रोत्यांत दुमत नसावे. प्रश्न आहे तो, कशी शिकवावी हा.

नांदेड जिल्ह्याचे नेते शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ साली मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा ही पाच मूल्ये तिने देशापुढे ठेवली. शब्द उत्तमच आहेत. पण फळ्यावर सुविचार लिहिला म्हणजे तो अंगी बाणतो काय?

अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघा संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांपुढे लबाडीची संधी मुद्दाम ठेवून पाहिली. त्यांचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाले. एका ठिकाणी नक्कल करणारे पोर दुसऱ्या ठिकाणी सरळ वागते. आणि नीतिवचने ठाऊक असणे व तसे वागणे यांचा संबंध फार थोडा, असे त्यांना आढळले. म्हणजे परिस्थिती बदलली की वागणूक बदलते.

याचा पडताळा आपल्याकडेही आला. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी परीक्षेतील कॉपीविरुद्ध कडक मोहीम काढली. 'नांदेड पॅटर्न' म्हणून पुढे ती राज्यभर गेली. बंदोबस्ताने कॉपी थांबते, यात शंका नाही. पण बंदोबस्त उठल्यावर काय?

याचे उत्तर शोधायला इस्लापूरच्या कुठल्याही गल्लीत गोट्या खेळणारी पोरे पाहावीत. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी नेमके हेच केले. १९३२ च्या त्यांच्या ग्रंथात गोट्यांच्या खेळाचाच अभ्यास आहे. लहान मुलाला वाटते, नियम थोरांनी घालून दिला, तो बदलणे नाही. दहाअकरा वर्षांचा मुलगा मात्र जाणतो की नियम आपण मिळून ठरवतो. म्हणूनच तो पाळायचा. हे शहाणपण येते ते बरोबरीच्या सवंगड्यांशी भांडून नि समेट करून.

कोहलबर्ग यांनी हाच धागा पुढे नेला. अमेरिकेतील केंब्रिज येथे १९७४ साली सुरू झालेल्या शाळेत गुरू आणि शिष्य यांना सभेत सारखेच एकेक मत असे. एकीचे पैसे चोरीला गेले, तेव्हा सर्वांनी थोडी थोडी वर्गणी काढून ते भरून द्यावेत, असे सभेने ठरवले. चोरी एकाची, पण जबाबदारी सर्वांची!

बीड जिल्ह्यात शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ साली पाचशे शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झाले. तिथेही भर व्याख्यानावर नाही. मुलांनी जोडीने, गटाने बोलावे, खेळावे यावर आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, परीक्षेपूर्वी एक तास मुलांना द्या. कॉपीने नुकसान कोणाचे होते, हे त्यांनाच बोलू द्या. वर्गाचा नियम त्यांनाच लिहू द्या. अन् तो नियम आपल्यालाही लागू ठेवा. मास्तरच उत्तर सांगू लागले, तर भिंतीवरची पाचही मूल्ये भिंतीवरच राहतील.