एकावर एक आलेल्या वेळा

रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरच्या नोंदी तक्त्यात वाचल्या तर सगळं जागच्या जागी वाटतं. थिएटर क्रमांक, सुरुवात, शेवट. त्याच नोंदींच्या आडव्या पट्ट्या काढल्या, की एकाच थिएटरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. असं काम करताना मी आधी पट्ट्या काढतो, क्वेरी नंतर लिहितो.

नवीन शस्त्रक्रियेची सुरुवात किंवा शेवट जुन्या वेळेच्या आत येतो का, एवढीच तपासणी बहुतेक जण लिहितात. जुनी नोंद साडेनऊ ते अकरा आणि नवीन नऊ ते बारा असेल, तर ही तपासणी फसते: नवीन वेळेची दोन्ही टोकं बाहेर आणि जुनी नोंद अख्खी पोटात. संगणकशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलन यांनी 1983 मध्ये दोन कालावधींमधले 13 संबंध मांडले. पण टक्कर ओळखायला दोनच तुलना पुरतात. पहिली नोंद दुसरी संपण्याआधी सुरू होते का, आणि दुसरी पहिली संपण्याआधी?

या तुलनेत अकराला संपणारी आणि अकरालाच सुरू होणारी नोंद भिडत नाही, कारण सुरुवातीचा क्षण कालावधीत धरतात, शेवटचा धरत नाहीत. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये 2012 पासून, म्हणजे 9.2 आवृत्तीपासून, अख्खा कालावधी रेंज म्हणून एकाच रकान्यात ठेवता येतो आणि वेळेच्या रेंजमध्ये सीमांचा हाच नियम गृहीत असतो. त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला, की त्याच थिएटरची भिडणारी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. ही राखण अ‍ॅपवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. दोन संगणकांवरून एकाच क्षणी बटण दाबलं गेलं, तर अ‍ॅपला दोघांनाही जागा मोकळीच दिसते.

चालू शस्त्रक्रियेला शेवट नसतो. रेंजचं ते टोक रिकामं ठेवलं, तर डेटाबेस ती अनंतकाळ चालणार असं मानतो आणि पुढची प्रत्येक नोंद अडवतो. म्हणून ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ वेगळ्या रकान्यांत हव्यात. कन्स्ट्रेंट फक्त ठरलेल्या वेळेवर. मध्यरात्र ओलांडणारी पट्टीही तारखेवर तोडू नये, कारण तोडल्यावर पुढच्या तारखेचा तुकडा सुटला, तर पहाटेचं थिएटर रिकामं भासतं.

तुमच्याकडे सुरुवात-शेवटाचे दोन रकाने असलेला तक्ता असेल, तर एका आठवड्याच्या पट्ट्या काढून बघाच.