अर्ग : ऊर्जेचा आणि वाळूचा

पदार्थविज्ञानात अर्ग हे ऊर्जेचे चिमुकले एकक आहे. १ मिलिग्रॅमची वस्तू १ सेंटिमीटर उचलायला साधारण १ अर्ग ऊर्जा लागते. १ ज्यूल म्हणजे तब्बल १ कोटी अर्ग. अर्ग हे नाव ग्रीक भाषेतले. सहारातला अर्ग मात्र अरबीतून आलेला आणि अवाढव्य, म्हणजे वाळूचा समुद्रच. वाऱ्याने उचललेला कण टुणटुण उड्या मारत जातो आणि पडताना आणखी कण उडवतो. वाळूच्या टेकडीच्या मंद चढावरून हे कण माथ्यावर पोचतात, पलीकडच्या सुमारे ३४ अंशांच्या उतारावरून घसरतात. अशी अख्खी टेकडीच पुढे सरकते. वारा मंदावतो त्या खोलगट भागात वाळू साचत जाते. अल्जीरिया-ट्युनिशियातला ग्रँड अर्ग ओरिएंटल प्रसिद्ध आहे. चित्रांत काहीही दिसो, सहाराचा बहुतेक भाग वाळूचा नसून खडकाळ आणि दगडगोट्यांचा आहे.