कयाक शिकायची तर आधी उलटायला शिका

वर्ध्यात कुणाला कयाकिंग शिकायचंय म्हटलं, की समोरून ठरलेला प्रश्न येतो : ‘आपल्याकडं कुठं समुद्र आहे?’ हा पहिला गैरसमज आणि तो लवकर निकालात काढता येतो. नवशिक्याला समुद्र नकोच असतो. त्याला हवं असतं ते संथ, कमरे-छातीएवढं, काठ मोकळा असलेलं पाणी. हिंगणीजवळचं बोर धरण, धाम नदीवरचं महाकाळीचं धरण, आर्वी तालुक्यातलं धनोडीचं निम्न वर्धा, शिवाय पोथरा, पंचधारा असे मध्यम प्रकल्प या जिल्ह्यात आहेत. पाण्याची वाण नाही. मात्र ही धरणं सगळ्यांना मोकळी नाहीत. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात, बोरचं पाणी तर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. परवानगी असेल तिथेच आणि शिकवणारा सोबत असेल तेव्हाच नाव पाण्यात टाकायची, हे पुढच्या सगळ्या मजकुरात गृहीत धरलं आहे.

दुसरा समज जास्त खोल रुजलेला आहे : कयाक म्हणजे दंडाचं काम. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं असतं. ते हातात दिलं की धडधाकट माणूस दोन्ही हातांनी पाणी ओढत सुटतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. मग ‘हे आपल्याच्यानं होत नाही’ असं ठरतं. खरं तर जोर येतो तो धडाच्या वळण्यातून. हात फक्त तो जोर पात्यापर्यंत पोचवतात.

हे करून पाहायला पाणीही लागत नाही. वल्हं डोक्यावर आडवं ठेवा, दोन्ही कोपर काटकोनात येतील असे हात धरा. तीच पकड घेऊन वल्हं छातीसमोर आणा. पात्याची खोलगट बाजू स्वतःकडे असू द्या. पातं दोन्ही कडांनी सारखं नसेल तर लांब कड वर, आखूड कड खाली. मूठ सैल ठेवा; आवळून धरलं की मनगट दुखायला लागतं. आता ताठ बसा, गुडघे थोडे दुमडलेले, तळवे नावेतल्या पायटेकणीवर. उजवीकडे वल्हवायचं तर उजवा खांदा पुढे न्या, पातं पावलाजवळ पूर्ण बुडवा आणि कमरेपासून वळत मागे या. त्याच वेळी उजव्या पायानं टेकणीवर रेटा द्या. पातं कमरेपाशी आलं की पाण्याबाहेर. नवशिका इथेच लोभ करतो आणि पातं पार पाठीमागे जाईपर्यंत ओढत राहतो. त्यानं वेग वाढत नाही, नावेचं टोक मात्र बाजूला फिरतं.

हे जमतंय का, ते ओळखायची एक साधी खूण आहे. लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या चेनकडे बघा. प्रत्येक वल्ह्याला चेन डावी-उजवीकडे वळत असेल तर धड काम करतंय. चेन जागची हलत नसेल तर सगळा भार खांद्यांवर चाललाय.

दंडाच्या आणि पायांच्या ताकदीचा मुद्दा निघाला की प्राची यादव यांचं नाव घ्यायलाच हवं. ग्वाल्हेरच्या प्राची यांनी पोहण्यापासून सुरुवात केली, पुढे भोपाळच्या छोट्या तलावावर सराव केला आणि टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धांमध्ये 2023 साली त्यांनी कयाकमध्ये सुवर्ण आणि कनूमध्ये रौप्य मिळवलं. (कयाकमध्ये वल्ह्याला दोन पाती असतात, कनूत एकच.) ज्यांना आपलं शरीर या खेळाला साजेसं वाटत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावं. वर्ध्याहून भोपाळ रेल्वेनं सरळ गाठता येतं. कयाक म्हणजे परदेशी लोकांचं काम, असं म्हणणाऱ्यांनी तो तलाव एकदा जरूर बघून यावा.

‘माझी नाव सारखी एकीकडेच पळते, वल्ह्यातच दोष आहे,’ ही तक्रारही नेहमीची. दोष बहुधा वल्ह्यात नसतो. शिकण्यासाठी देतात त्या नावा आखूड आणि रुंद असतात. त्या उलटत नाहीत सहसा, पण वळतात पटकन. नजर नावेच्या टोकावर ठेवली की टोक फिरलेलं उशिरा कळतं आणि दुरुस्ती मोठी करावी लागते. म्हणून नजर लांब, पलीकडच्या काठावरच्या एखाद्या झाडावर ठेवायची. टोक जिकडे जातंय त्याच बाजूला पातं पुढून मागे रुंद अर्धवर्तुळात फिरवायचं. नाव थांबवायची असेल तर डावी-उजवीकडे आलटून-पालटून उलटं वल्हवायचं. पहिल्या दिवसाला सरळ जाणं, वळणं आणि थांबणं एवढं पुष्कळ झालं.

आता उलटण्याबद्दल. सर्वांत जास्त भीती याचीच असते आणि सर्वांत जास्त चुकीची माहितीही याबद्दलच पसरलेली आहे. ‘नाव उलटली की माणूस आत अडकतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. शिकवताना बहुतेक ठिकाणी देतात ती वर बसायची कयाक. तिला आत शिरायची पोकळीच नसते. नाव उलटली की माणूस सरळ पाण्यात पडतो, अडकायला काही नसतं. आत बसायची कयाक असली तरी पोकळीवर झाकण-कापड लावलेलं नसेल तर जॅकेट अंगाला वर आणि बाहेर ओढत असतं. पुढे वाकायचं, दोन्ही हात पोकळीच्या काठावर टेकायचे आणि पँट उतरवावी तशी नाव पायांवरून उतरवायची. झाकण-कापड वापरणाऱ्यानं त्याची ओढायची दोरी बाहेर मोकळी आहे ना, हे निघण्याआधी हात लावून बघायचं. ही सगळी क्रिया मोजक्या सेकंदांची आहे. पण ती आधी केलेली नसेल तर माणूस घाबरतो, आणि धोका आहे तो त्या घाबरण्यात.

म्हणून चांगला शिकवणारा पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात तुम्हाला मुद्दाम उलटवतो. वर आल्यावर नाव सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटायचं नाही, कारण तरंगती नाव हा मोठा आधार असतो आणि शोधायला येणाऱ्याला तीच लांबून दिसते. परत चढताना नावेच्या मध्यावर यायचं. पाय जोरात मारून शरीर पाण्याला समांतर करायचं आणि पोट नावेवर ओढून घ्यायचं. मग कुशीवर वळत बसायचं आणि शेवटी पाय आत. जे आधी उभं राहायला किंवा गुडघा टेकायला जातात, ते पुन्हा पडतात. हे चार-दोनदा करा. नंतर वल्हवताना खांदे आपोआप सैल होतात. ज्याला पडायची भीती आहे, तो आखडून बसतो, आणि आखडून बसणारा आधी उलटतो. कंबर सैल ठेवली की नाव खाली डुलते आणि धड वर स्थिर राहतं.

पाण्याखालूनच गिरकी घेऊन नावेसकट सरळ होणारे लोक व्हिडिओत दिसतात. ते आलं नाही तर कयाक येत नाही, असं मुळीच नाही. ती पुढची गोष्ट आहे.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र मला थोडं कठोर बोलायचं आहे. दोन उलटसुलट समज एकाच गावात ऐकू येतात : ‘पोहता येत नाही म्हणजे कयाक नको’ आणि ‘पट्टीचा पोहणारा आहे, जॅकेट कशाला?’ पोहता न येणारा माणूसही जॅकेट घालून, उथळ पाण्यात, शिकवणाऱ्याजवळ सुरुवात करू शकतो. पाण्यात तोंड घालायची सवय आणि उताणं तरंगणं मात्र आधी करून घ्यावं. पोहणाऱ्याचं जॅकेट मात्र कुठल्याच कारणानं सुटत नाही. पायात गोळा येणं, डोक्याला नावेचा फटका बसणं, उन्हानं चक्कर येणं, यापुढे पोहण्याचं कसब काही करू शकत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यातल्या झुंज इथे याच वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले. ती कयाक नव्हती, पण नदी आपलीच होती. थर्माकोलचा तुकडा किंवा ट्यूब ही जॅकेटची जागा घेत नाही. ती हातातून सुटते. जॅकेट घातल्यावर सगळे बकल लावा आणि दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

राहिला शेवटचा आणि आपल्या भागात सर्वांत घातक समज : धरणाचं पाणी म्हणजे शांत पाणी. पृष्ठभाग शांत असतो हे खरं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या जरासे खाली येतात. मासेमारीची जाळी लावलेली असतात आणि त्यांत वल्हंही अडकतं, पायही. यासाठी निघण्याआधी तिथल्या ढिवर-भोई मंडळींना विचारावं. जाळी कुठे आहेत, खुंट कुठे आहेत, वारा कधी उठतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

वारा हा तर कयाकचा खरा प्रतिस्पर्धी. नाव हलकी, त्यामुळे मोकळ्या जलाशयात ती सहज ढकलली जाते. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं म्हणजे येताना थकलेल्या हातांना वारा मदत करतो. उलट केलं तर पलीकडच्या काठाला पोचायला मजा वाटते आणि परतताना दम निघतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारनंतर आभाळ भरून विजा कडाडतात. तेव्हा पाण्यावर असूच नये. पावसाळ्यात धरणाची दारं उघडली की खालची नदी बघता बघता चढते. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू परत परत आत ओढतं. तिथे जॅकेटही पुरत नाही. वाहत्या बंधाऱ्याजवळ वरच्या बाजूनंही जायचं नाही आणि खालच्या बाजूनंही नाही.

शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : एकाच्या हाताखाली किती जण असतील, उलटून परत चढायचा सराव पहिल्या दिवशी होणार का, आणि मदतीची दुसरी नाव पाण्यात असेल का. मधल्या प्रश्नाला ‘त्याची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.