बॅडमिंटनमधील दुहेरीचा खेळाडू : एका कारकिर्दीची जडणघडण

थॉमस चषकासाठी होणारी प्रत्येक लढत पाच सामन्यांची असते. त्यांपैकी तीन सामने एकेरीचे आणि दोन दुहेरीचे. १९८२ पर्यंत हीच लढत नऊ सामन्यांची असे व त्यात दुहेरीचे चार सामने खेळले जात. सांघिक बॅडमिंटनमध्ये दुहेरीला जवळजवळ निम्मे वजन आहे, हे यावरून सहज ध्यानात येईल. आपल्याकडे मात्र या साध्या गणिताकडे फार काळ दुर्लक्ष झाले. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे १९८० साली प्रकाश पदुकोण व २००१ साली पुल्लेला गोपीचंद हे ऑल इंग्लंड विजेते झाले. देशाच्या स्मरणात राहिलेला हा सारा इतिहास एकेरीचा आहे. नाटेकर हे दुहेरीचेही अनेकवार राष्ट्रीय विजेते होते, ही गोष्ट त्यांचे चाहतेसुद्धा क्वचितच सांगतात.

मे २०२२ मध्ये बँकॉक येथे भारताने थॉमस चषक प्रथमच जिंकला, तेव्हा या उपेक्षेची किंमत किती होती ते उमगले. उपउपान्त्य फेरीत मलेशियाविरुद्ध आणि उपान्त्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध भारत ३-२ असा निसटता विजयी झाला. या दोन्ही लढतींत भारताच्या तीन गुणांपैकी एक गुण दुहेरीचा होता आणि तो सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व चिराग शेट्टी या जोडीने मिळवून दिला होता. तो एक सामना दोनपैकी कोणत्याही दिवशी हरला असता, तर भारतीय संघ अंतिम फेरी न खेळताच परतला असता. इंडोनेशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत याच जोडीने पहिला गेम गमावल्यावर दुसऱ्या गेममध्ये चार मॅच पॉइंट वाचविले आणि १८-२१, २३-२१, २१-१९ असा सामना खेचून आणला. पुढचा एकेरीचा सामना श्रीकांत यांनी जिंकला व चषक भारताचा झाला.

दुहेरी म्हणजे एकेरीत मागे पडलेल्यांचा आश्रय, असा समज क्लबांतून आणि पालकांतून दीर्घकाळ रुजलेला आहे. मुलगा एकेरीत पहिल्या आठांत येत नाही असे दिसले की मग त्याला कोणाबरोबर तरी उतरवायचे, ही आपली जुनी रीत. वस्तुतः दुहेरी हा निराळाच खेळ आहे. मैदान तेच, जाळे तेच, पिसांचे फूलही तेच. पण खेळाची घडण वेगळी. मैदानाची लांबी १३.४० मीटर दोन्ही प्रकारांत सारखी असते. रुंदी एकेरीत ५.१८ मीटर आणि दुहेरीत ६.१० मीटर. सर्व्हिसपुरती मात्र दुहेरीतील मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत आणलेली असते. या एका रेषेने पुष्कळ काही ठरते. एकेरीत उंच व खोल सर्व्हिस करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलता येते. दुहेरीत तशी सर्व्हिस आखूड पडते व समोरून लगेच तडाखा बसतो. म्हणून दुहेरीत सर्व्हिस जाळ्याला जवळजवळ घासून जाईल अशी करावी लागते. सर्व्हिस, तिचे प्रत्युत्तर आणि त्यानंतरचा फटका या पहिल्या तीन फटक्यांतच पुष्कळदा गुणाचा निकाल लागलेला असतो. प्रेक्षकांना तडाखे दिसतात. जाणकारांचे डोळे मात्र सर्व्हिस करणाऱ्याच्या मनगटावर असतात.

नियमांतील बदलही दुहेरीच्या खेळाडूला अधिक जाचतात. २००६ पूर्वी सर्व्हिस असलेल्या बाजूलाच गुण मिळत आणि दुहेरीत दोन्ही साथीदार पाळीपाळीने सर्व्हिस करीत. त्यामुळे एखादी चूक पचविता येई. त्या वर्षी प्रत्येक रॅलीला गुण व २१ गुणांचा गेम ही पद्धत आली आणि चुकलेली सर्व्हिस म्हणजे हातचा गुण गेला असे झाले. २०१८ साली सर्व्हिसच्या वेळी फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या आत असले पाहिजे असा नियम झाला. पूर्वी कमरेची मर्यादा होती, ती ज्याच्या त्याच्या उंचीनुसार बदले. नवी मर्यादा सर्वांना एकच, म्हणजे उंच खेळाडूने वाकावे हे ओघाने आले. २०२३ मध्ये फुलाला बोटांनी फिरकी देऊन केलेली सर्व्हिस निषिद्ध ठरली.

दोघांनी उभे कसे राहावे, याचे शास्त्र त्याहून सूक्ष्म आहे. आक्रमण आपल्याकडे असेल तेव्हा एक मागे व एक जाळ्यापाशी. बचाव करायचा असेल तेव्हा दोघे शेजारी शेजारी. रॅली चालू असताना हा बदल अनेकदा होतो व तो शब्दाने सांगायला वेळ नसतो. दोघांच्या मधून जाणारे फूल कोणी घ्यायचे हा प्रश्न तर नवशिक्या जोडीला हमखास फसवितो. सरावाने काही संकेत ठरतात; उरलेले काम परस्परांच्या सवयीच्या ओळखीने होते, आणि ती ओळख वर्षानुवर्षे एकत्र खेळल्याशिवाय येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दुहेरीची परंपरा येथे अगदीच नव्हती असे नाही. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धेत प्रदीप गंधे यांनी लिरॉय डिसा यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळविले होते. त्यानंतर या प्रकारात भारताला आशियाई पदक मिळण्यास चार दशके लागली. वर्धा येथे जन्मलेल्या व हैदराबादला घडलेल्या ज्वाला गुट्टा यांनी अश्विनी पोनप्पा यांच्यासमवेत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक व २०११ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. जागतिक स्पर्धेतील भारताचे ते दुहेरीतील पहिले पदक. ज्वाला डावखुऱ्या, अश्विनी उजव्या हाताच्या. एकीची हुकमत जाळ्याजवळ, दुसरीचा तडाखा मागून. डाव्या-उजव्याच्या अशा जोडीपुढे प्रतिस्पर्ध्याला कोणाचा बॅकहँड कोठे आहे याचा हिशेब सतत नव्याने करावा लागतो. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली या दोघींनी गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले, तरी एका गुणाच्या फरकाने त्या बाद फेरीबाहेर राहिल्या.

चिराग शेट्टी यांचा जन्म १९९७ साली मुंबईत झाला. गोरेगाव येथे उदय पवार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आरंभीचे शिक्षण घेतले आणि मग हैदराबादची गोपीचंद अकादमी गाठली. सात्त्विकसाईराज त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, आंध्र प्रदेशातील अमलापुरम या गावचे. २०१५ साली भारताचे दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आलेले मलेशियाचे तान किम हर यांनी या दोघांना एकत्र आणले. दोघेही उंच, दोघांचेही बळ मागून मारलेल्या तडाख्यात. जाळ्यापाशी कोण खेळणार, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो रास्तही होता. शिवाय एकाची भाषा तेलुगू, दुसरा मुंबईचा. आरंभी संभाषणाचीही पंचाईत. चिराग यांनी पुढच्या भागातील खेळ परिश्रमपूर्वक आत्मसात केला. सात्त्विक यांच्या तडाख्याविषयी निराळे सांगायला नको. एप्रिल २०२३ मध्ये जपानमधील सोका येथील एका रॅकेट-कारखान्यात त्यांच्या फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर इतका नोंदविला गेला व गिनीज पुस्तकात गेला. हा वेग रॅकेटमधून सुटताक्षणीचा असतो. पिसांमुळे फूल लगेच मंदावते, अन्यथा समोरच्याने काही करण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

यानंतरची त्यांची वाटचाल चढती असली तरी सरळ नव्हती. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०१९ मध्ये थायलंड खुल्या स्पर्धेचे विजेतेपद. मग टोकियो. साथीच्या रोगामुळे २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पहिल्याच सामन्यात तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांना हरविले. गटातील तीन जोड्यांनी प्रत्येकी दोन सामने जिंकले, तेव्हा जिंकलेल्या व हरलेल्या गेमची वजाबाकी करण्यात आली. भारतीय जोडीची बाकी एक, ली-वांग यांची दोन, इंडोनेशियाच्या जोडीची तीन. आपली जोडी घरी परतली आणि तिने हरविलेली तैवानची जोडी सुवर्णपदक घेऊन गेली.

प्रशिक्षक या नात्याने डेन्मार्कचे माजी ऑलिंपिक रौप्यपदकविजेते मथियास बो यांची जोड मिळाल्यावर २०२२ व २०२३ ही दोन वर्षे या जोडीची ठरली. राष्ट्रकुल सुवर्ण, जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष दुहेरीचे पहिले पदक, दुबई येथे आशियाई अजिंक्यपद, जाकार्ता येथे इंडोनेशिया खुली स्पर्धा. भारताला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत यापूर्वीचे सुवर्ण दिनेश खन्ना यांनी १९६५ साली मिळवून दिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्ण मिळाले आणि लगोलग जागतिक क्रमवारीत पहिले स्थानही. पुढील जानेवारीत दोघांना खेलरत्न पुरस्कार प्रदान झाला, पुरस्कारसुद्धा जोडीनेच.

क्रमवारीची गोष्ट निघाली म्हणून थोडे स्पष्टीकरण. दुहेरीत ती व्यक्तीची नसते, जोडीची असते. मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण जोडीच्या नावे धरले जातात. एकाचा खांदा दुखावला तर दुसऱ्याची प्रकृती ठणठणीत असूनही गुण गळू लागतात. एप्रिल २०२४ मध्ये सात्त्विक यांच्या खांद्याच्या दुखापतीमुळे या जोडीला आशियाई अजिंक्यपद राखण्यासाठी उतरताच आले नाही. चिराग यांना त्यात काही करण्यासारखे नव्हते. साथीदार बदलावा तर नव्या नावाखाली बहुतांशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑलिंपिक प्रवेशाच्या वर्षात तर असा बदल जवळपास अशक्यच होतो.

अर्थप्राप्तीचेही तसेच. जागतिक मालिकेतील मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षीस रकमेच्या ७ टक्के मिळतात व दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. २०२३ च्या इंडोनेशिया खुल्या स्पर्धेची एकूण रक्कम साडेबारा लाख डॉलर होती. त्यात एकेरीच्या विजेत्याच्या वाट्याला ८७,५०० डॉलर येतात; दुहेरीच्या जोडीला ९२,५००, म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. प्रवास, फिजिओ, मुक्काम हा खर्च मात्र अर्धा होत नाही. या कारणाने, पहिल्या दहा-पंधरा जोड्यांखालच्या खेळाडूला नोकरीचा, शिष्यवृत्तीचा किंवा शासकीय साहाय्याचा आधार नसेल तर केवळ बक्षिसांवर गुजराण करणे अवघड जाते. आपल्या मुलाला दुहेरीत घालावे की नाही असे विचारणाऱ्या पालकांना हा हिशेब आधीच सांगितलेला बरा.

दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारखी एक गोष्ट आहे : दुहेरीचे आयुष्य लांब असते. निम्मे मैदान सांभाळायचे असल्याने पायांची झीज काहीशी कमी होते आणि वयाबरोबर येणारी दूरदृष्टी जाळ्यापाशी उपयोगी पडते. इंडोनेशियाचे हेंद्रा सेतियावान याचा उत्तम दाखला होत. २००७ ची जागतिक स्पर्धा व २००८ चे ऑलिंपिक सुवर्ण त्यांनी मार्किस किडो यांच्यासह जिंकले. पुढे मोहम्मद अहसान यांच्याशी जोडी जमवून २०१३, २०१५ व २०१९ ही तीन जागतिक अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी शेवटचे बासेल येथे, आपल्या ३५ व्या वाढदिवशी! निवृत्त झाले ते २०२५ च्या जानेवारीत. त्यांचा तडाखा कधीच सर्वांत जोरकस नव्हता. फूल कोठे येणार हे त्यांना आधी कळे. आपल्या प्रशिक्षकांनी मुलांना दाखवावेत असे सामने या खेळाडूचे आहेत.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात्त्विक व चिराग पदकाचे दावेदार म्हणून उतरले. उपउपान्त्य सामन्यात मलेशियाच्या आरोन चिया व सोह वूई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम त्यांनी २१-१३ असा सहज घेतला. पुढचे दोन १४-२१, १६-२१ असे गेले. बो यांनी त्यानंतर प्रशिक्षकपद सोडले. २०२५ मध्ये तान किम हर पुन्हा भारतात आले. ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धा पॅरिसलाच भरली, पोर्त द ला शापेल भागातील त्याच सभागृहात. आणि उपउपान्त्य फेरीत समोर आले तेच चिया व सोह. भारतीय जोडीने तो सामना २१-१२, २१-१९ असा जिंकला. उपान्त्य फेरीत चीनच्या चेन बोयांग व लिऊ यी यांनी त्यांना तीन गेममध्ये हरविले आणि जागतिक स्पर्धेतील दुसरे कांस्यपदक घेऊन ते परतले. त्या वेळी चिराग २८ वर्षांचे होते व सात्त्विक २५ वर्षांचे.