पडद्यामागचा रंगमंच

मुंबईत चर्नी रोडला उतरून ‘ऑपेरा हाऊस’ कुठं म्हणून विचारलं, की लोक हिऱ्यांच्या बाजाराकडे बोट दाखवत. ज्या वास्तूमुळे त्या चौकाला नाव मिळालं, ती १९९३ पासून बंद होती. नाव मात्र टॅक्सीवाल्यांच्या आणि हिरेदलालांच्या तोंडी शाबूत राहिलं.

रॉयल ऑपेरा हाऊस उभारणारी जोडी न्यारीच! एक मॉरिस बँडमन, कलकत्त्याचा नाटकधंद्यातला माणूस. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाचे दलाल. काम १९०९ मध्ये निघालं. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जनं उद्घाटन केलं, तेव्हा इमारत अपुरीच होती. पुढे बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर इथं उभे राहिले. मग सिनेमानं बस्तान बसवलं. १९५२ मध्ये वास्तू गोंडलच्या महाराजांकडे आली.

सिनेमाला काय, अंधार आणि पांढरा पडदा दिला की भागतं. नाटकाचा संसार मोठा. नटाला मागं सरकायला जागा हवी, दोन्ही बाजूंना विंगा हव्यात, वादकांची सोय हवी आणि साधं कुजबुजलेलं वाक्यही वरच्या सज्ज्यापर्यंत पोचायला हवं. त्यामुळे गोंडल घराण्यानं जीर्णोद्धाराचं जे काम वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवलं, ते निव्वळ रंगरंगोटीचं नव्हतंच.

सोनेरी नक्षी नंतरची गोष्ट. आधी छप्पर आणि खिळखिळे झालेले सज्जे. गळक्या छपराखाली कुणी वर्ख लावत नाही! अशा कामात भिंतीचा हातभर तुकडा निवडून रंगाची पुटं पातीनं एकेक करून खरवडतात. खालचा जुना रंग दिसला की हात थांबतो. जोडीला जुनी छायाचित्रं असतात. ती नसतील तर कारागिराच्या कल्पनेला पंख फुटतात, आणि जीर्णोद्धारात तेच सगळ्यात महागात पडतं. वातानुकूलन आणि दिव्यांच्या तारा नव्या, पण त्या नजरेत येता कामा नयेत. डोक्यावर आठ भागांचा घुमट, खाली ससून घराण्याकडून आलेली झुंबरं, आणि आता सुमारे पावणेसहाशे खुर्च्या.

ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं उघडली. गंमत अशी, की पहिला मान मिळाला मामी चित्रपट महोत्सवाच्या सोहळ्याला. सिनेमा इथून सहजी हलणारा नव्हता. लगेच पुढच्या कार्यक्रमात मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ रंगमंचावर आल्या, आणि ऑपेरा हाऊसमध्ये पुन्हा ऑपेरा ऐकू आला.